बाबांचं डिटॉक्स घरी करणार असशील तर आधी हे वाच

तुझा मेसेज वाचला. बाबा स्वतःहून म्हणाले की आता दारू बास, डॉक्टरपण म्हणाले डिटॉक्स, म्हणजे गोळ्या देऊन दारू सोडवणं, घरी करता येईल, आणि कागदावर घरातला जबाबदार माणूस म्हणून तुझं नाव गेलं. टेन्शन येणारच. मी नर्स म्हणून अशा घरांत बरीच वर्षं जातेय, म्हणून जे डॉक्टरांच्या दहा मिनिटांत राहून जातं ते तेवढं सांगते.

सगळ्यात आधी, ठरलेली तारीख येईपर्यंत बाबांना जोशात येऊन एकदम बंद करू देऊ नकोस. ऐकायला उलटं वाटेल, घरच्यांना तर रागच येतो, पण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की जिवावर बेतू शकतं. दारू मेंदूला सतत सुस्त करत असते, मग मेंदू काम चालू ठेवायला स्वतःला जास्त चेतवत राहतो, आणि एक दिवस दारू गायब झाली की ते चेतवणं तसंच उरतं, त्यातून मग थरथर, घाम, धडधड, आणि वाईट केसमध्ये फिट. म्हणून तर गोळ्या आणि डॉक्टर. नुसत्या निश्चयावर हे करायचं नसतं.

दुसरं, डॉक्टरांना खरं सांग, आणि बाबांच्या समोर जमत नसेल तर वेगळा फोन करून सांग. रोज किती हे विचारलं की माणूस निम्मंच सांगतो, हे गृहीतच धर. पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का, लिव्हर किंवा हार्टचा त्रास आहे का, जीव देण्याचं कधी बोललेत का, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का. यातलं काही असेल तर घरी नको, सरळ ॲडमिट, असं डॉक्टर म्हणू शकतात आणि मग वाद घालू नकोस. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या कमी करायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, दारूच्या आठवड्यात ते उरकत नाही. अफूच्या जातीचं काही असेल तर त्याचं गणितच वेगळं, त्यावरची ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी चालू करायला आधी सोडतानाचा त्रास सुरू व्हावा लागतो, घाईत दिली तर तीच गोळी त्रास एकदम वाढवते.

आता पहिले चार दिवस. शेवटचा घोट किती वाजता घेतला ते वहीत लिही, पुढचं सगळं त्यावरून मोजायचंय. साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, चिडचिड सुरू होते. फिटची भीती मुख्यतः पहिल्या ४८ तासांत. आणि ४८ ते ९६ तासांत डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे माणूस कुठे आहे हेच त्याला कळेनासं होतं, ताप येतो, नसलेलं दिसतं. घरचे इथेच फसतात, कारण दुसऱ्या दिवशी बाबा जरा बरे दिसले की सगळे सुटलो म्हणून झोपायला जातात. तिसरी रात्र जागायची आहे असं धरूनच पाळ्या लाव, एकट्याने करू नकोस. खोलीत मंद लाइट चालू ठेव, काळोखात भास वाढतात.

हात कसे बघायचे ते सांगते. थरथरतंय का असं विचारू नकोस, ते नाहीच म्हणतील. दोन्ही हात समोर सरळ धरायला लाव, बोटं फाकवून. लांबूनच दिसतंय, की नुसतं बोटाच्या टोकाला टोक लावल्यावर जाणवतंय, तेवढं वहीत लिही. तळहात ओले आहेत का, कपाळावर घाम आहे का, चादरीवरून काही वेचतायत का, अंगावर मुंग्या चालतायत म्हणतायत का. नर्स येते तेव्हा दारू सोडतानाचा त्रास मोजणारी सीवा नावाची दहा मुद्द्यांची स्केल भरते, जास्तीत जास्त ६७ मार्क, आणि त्यावरून डोस कमीजास्त करायचा का ते डॉक्टर ठरवतात. तू मार्क द्यायचे नाहीत, बघून लिहायचं आणि कळवायचं.

गोळ्या बहुतेक क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, लिव्हर नाजूक असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी, साधारण आठवड्यात बंद. पाकीट तुझ्याकडे ठेव, बाबांच्या उशाशी नको. बाबा प्यायले असं वाटलं किंवा हाक मारून नीट जागे होत नाहीयेत असं दिसलं तर पुढचा डोस थांबव आणि आधी फोन कर, कारण ही गोळी आणि दारू एकत्र झाली की श्वास मंदावतो. आणि प्यायले तर आरडाओरडा करू नकोस, मनातून राग कितीही आला तरी, कारण ओरडलं की पुढच्या वेळी ते लपवतील आणि तू आंधळेपणाने डोस देशील. घरातली बाटली तर काढशीलच, माउथवॉश, खोकल्याचं औषध, सॅनिटायझरपण काढ. गाडीची चावी पण.

थायमिन, म्हणजे बी-वन, हे साधं व्हिटॅमिन म्हणून सोडून देऊ नकोस. त्याच्या कमतरतेने गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि तोल जाणं होतं, ही लक्षणं वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्येच लिहून ठेवली होती, थायमिनचं कारण नंतर कळलं, आणि वेळेत दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. सुरुवातीला इंजेक्शन सांगितलं तर गोळीवर भागवू नकोस.

फिट, बरळणं, ताप, रक्ताची उलटी, छातीत दुखणं, श्वास मंद होणं, यातलं काहीही झालं की नर्सची वाट न बघता ॲम्ब्युलन्स. फिट आली तर कुशीवर वळव, तोंडात काहीही घालू नकोस, दाबून धरू नकोस.

कोणीतरी नक्की सांगेल की जेवणात गुपचूप गोळी मिसळ, दारूच सुटेल. अजिबात नाही. ती गोळी म्हणजे बहुतेक डायसल्फिराम, आणि तिच्यावर दारू पोटात गेली की बीपी कोसळू शकतो, माणसाला न सांगता ती देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत, ती नंतर बाबांशी बोलून डॉक्टर ठरवतील.

आठवडा झाला की शरीर शांत होतं, झोप मात्र बरेच दिवस बिघडलेली राहते आणि तेव्हाच परत हात जातो. म्हणून आठव्या दिवसाची अपॉइंटमेंट आजच घेऊन ठेव, समुपदेशनाचीपण. परत घसरलेच तर पुन्हा घरच्या घरी झटक्यात बंद करायचं नाही, दर खेपेला सोडतानाचा त्रास वाढू शकतो, पुन्हा डॉक्टरांकडेच जायचं. तारीख ठरली की मला कळव, आणि तिसऱ्या रात्री तुझ्यासोबत कोण जागणारे ते पण.