विहिरीवरची बाभूळ सोडू नकोस

पोरी,

रविवारी तू आलीस आणि चहा अर्धा ठेवून गेलीस. यंदाच्या थंडीत पैठणच्या नाथसागर धरणावर रोहित पक्षी बघायला न्या म्हणलीस, मी नाही म्हणालो. कॅमेरा कोणता घेऊ विचारलंस, त्यालाही नाही म्हणालो. निघताना गाडी चालू करता करता तू जे बोललीस ते दोन दिवस झाले माझ्या डोक्यातून जात नाही. "काका, आमच्या गावात बघण्यासारखं आहेच काय? नुसत्या चिमण्या, सातभाई आन् कोतवाल."

त्या 'नुसत्या'साठी हे पत्र लिहितोय.

मला पाखरं बघायचा हा नाद पस्तिशीत लागला. कृषी सहायकाची नोकरी, म्हणजे गावं फिरणं आलंच. मोटारसायकलच्या डिकीत दुर्बीण असायची. सुट्टी मिळाली की पहाटे चारला उठून पैठण गाठायचं. नायगावचे मोर, येडशीचा रामलिंग घाट, तिकडं गौताळा, काही ठेवलं नाही. वहीत जातींचा आकडा चढत होता आणि तो चढला की मला रात्री झोप चांगली लागायची. पंधरा वर्षं असं चाललं.

आमच्या घरच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती. तिला सुगरणीचे खोपे लटकायचे, खाली पाणी, वर खोपे. लहानपणी मी ते मोजायचो. एका साली सव्वीस भरले होते. आज एक नाही. कोणत्या साली गेले, ते मला सांगता येत नाही. २०१२ ला होते का? २०१५ च्या दुष्काळात गेले, की त्याआधीच कमी होत आले होते? बाभळीची शेवटची फांदी भावानं मोटारीच्या वायरला अडते म्हणून तोडली, तेव्हा तिच्यावर खोपा होता का? मला माहीत नाही. मी त्या दिवशी कुठंतरी दुर्मीळ पक्षी शोधत होतो. माझ्या वहीत सगळं आहे, माझ्या विहिरीवरचं तेवढं नाही.

म्हणून सांगतो, एक जागा धर. तुमच्या विहिरीवर अजून बाभूळ आहे, बांधावर सिंदी आहे. तीच जागा धर आणि रोज जा.

तुला वाटेल म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ आहे. तर ऐक. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परत आले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथं सुगरण बघत बसले. आपण सगळे 'सुगरण' म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडला तरच पुढचं काम होतं. ती आत बसली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा सुरू करतो. हे कुणाला ठाऊक झालं, तर एका जागी बसलेल्या माणसाला. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणीही त्यांनीच केली, १९३१-३२ मध्ये. ते फिरले नाहीत असं नाही. पण फिरण्याआधी बसले.

तू म्हणालीस, परभणीच्या होस्टेलवरच्या मुली नाथसागरचे फोटो टाकतात. टाकू देत. रोहित सुंदर आहे, मी ना म्हणत नाही. पण रोहित बघून तू घरी येशील तेव्हा तुझं त्याचं काय नातं असेल? तो कुठून आला, उद्या काय खाईल, कशानं उडून जाईल, यातलं काही तुझ्या हातात नाही आणि तुझ्या डोळ्यासमोरही नाही. तुमच्या शेवग्यावर फुलातला मध प्यायला येणारा इवलासा शिंजीर मात्र तुझ्या हातात आहे. ते झाड तोडायचं की ठेवायचं हे तुमच्या घरात ठरतं.

आता जे सांगतो ते कुणाला सांगितलेलं नाही. मी लहान असताना आमच्याकडं ज्वारी असायची. दाणा भरायला लागला की पाखरं राखायला मला माळ्यावर बसवायचे, हातात गोफण देऊन. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवेच्या थवे यायचे. काळ्या डोक्याचे पिवळे भारीट यायचे, त्यांना आम्ही काही नाव ठेवलं नव्हतं. पुढं पुस्तकात वाचलं की तो भारीट पार पूर्व युरोप, इराणकडून येतो आणि आपल्या रानात हिवाळा काढतो. म्हणजे एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला मी गोफणीनं हाणत होतो. पण माझे वडील नुसत्या पंखांच्या आवाजावरून सांगायचे, भोरड्या आल्या की पारवे आले. ते शाळेत गेले नव्हते. पाखरं हाकलता हाकलता त्यांनी ती ओळखली होती.

मग सोयाबीन आलं. ते घ्या म्हणून घरोघरी सांगणाऱ्यांत मी होतो. सोयाबीनच्या शेंगेला पाखरू फारसं तोंड लावत नाही, म्हणून राखण नको, माळा नको, गोफण नको. ज्वारी गेली तशी राखण गेली, आणि राखण गेली तसं वर बघणं गेलं. आज आमच्या गावातल्या वीस वर्षांच्या पोराला भोरडी दाखवली तर साळुंकी म्हणतो. यात माझा हात आहे. आणि तरी हेही लिहितो, की सोयाबीननं घरात नगदी पैसा आला, त्यावर लेकरं शिकली, तूही त्यातलीच. मी चुकीचा सल्ला दिला असं मी म्हणणार नाही. कडेनं चार ओळी ज्वारीच्या पेरा, एवढं जर तेव्हा म्हणालो असतो तर मला कुणी वेड्यात काढलं नसतं. ते मी म्हणालो नाही, कारण मी तेव्हा वर बघतच नव्हतो. रविवारी बघायचो, पैठणला जाऊन.

आता कळलं का, मी 'नाही' का म्हणालो?

कॅमेऱ्याचंही तेच. साठ हजार रुपये अण्णांकडून मागू नकोस. कॅमेरा हातात आला की तुला फोटो लागेल, फोटो लागला की नवा पक्षी लागेल, आणि नवा पक्षी लागला की तू जागा सोडशील. जागा सोडू नकोस. फोनमधल्या त्या ॲपला आवाज ऐकवून नाव काढणंही थोडे दिवस बंद ठेव. नाव कळलं की बघणं संपल्यासारखं होतं. आधी बघ. नाव मागून येईल, मी सांगीन.

आणि 'याचा उपयोग काय' हे तू दोनदा विचारलंस. परीक्षेचा अभ्यास सोडून हे कर असं मी म्हणत नाही. उजाडताना अर्धा तास. त्या वेळी तू तशीही फोन बघत पडलेली असतेस. अण्णा ओरडले तर मला फोन द्यायला सांग.

गेल्या आठवड्यात मी तुमच्याच विहिरीवर गेलो होतो, तुला माहीत नसेल. सिंदीवर नर बसला होता, डोकं हळदीसारखं पिवळं. त्यानं पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडली, ती कड धरली आणि तसाच उडाला. उडण्याच्या जोरानं पानाची लांबच लांब दोरी सोलून निघाली. ती घेऊन बाभळीवर गेला, एका पायानं दाबली, चोचीनं फांदीभोवती फिरवली, आतून ओढली. सुटली. पुन्हा घेतली. चौथ्या वेळेला बसली. त्याच्या शेजारच्या खोप्यात आतल्या बाजूला चिखलाचे गोळे लावलेले दिसत होते. मी दीड तास उभा होतो. पाय भरून आले.

तेवढ्यात तिथला एक गडी म्हणाला, पाऊस लांबला म्हणून अजून गवत उंच नाही, नाहीतर आतापर्यंत निम्मे खोपे झाले असते. बघ, त्याला पाऊस, गवत आणि खोपा एकाच वाक्यात दिसतो. तो रोज तिथं असतो म्हणून.

जवळ जाऊ नकोस. फांदी वाकवून आत डोकावू नकोस. मी एकदा पाहुण्यांना दाखवायला भेंडीच्या पानात शिवलेलं शिंपी पक्ष्याचं घरटं बोटानं उघडलं होतं. पानाच्या कडा कापसाच्या धाग्यानं शिवलेल्या, आत तीन अंडी. दोन दिवसांनी घरटं रिकामं होतं. पाहुण्यांना ते आठवतही नसेल. मला त्या धाग्याची गाठ अजून दिसते.

शंभर पानी वही घे. तारीख, पाऊस पडला की नाही, किती खोपे, त्यातले अर्धे किती, पूर्ण किती, किती माद्या येऊन गेल्या. दुसरं काही लिहू नकोस. कंटाळा येईल, पंधराव्या दिवशी तर नक्की येईल. तेव्हा मला फोन कर, पण जागा बदलू नकोस.

आणि अण्णांना आजच विचार, बाभळीची ती विहिरीकडची फांदी मोटारीच्या वायरला लागते का. लागत असेल तर वायर दुसरीकडून घ्यायला माणूस मी पाठवतो, पैसे मी देतो. फांदीला हात लावू देऊ नकोस.

श्रावण लागायला आठ दिवस आहेत. उद्या सकाळी जा आणि किती खोपे भरतात ते कळव. माझ्या मोजणीत सात होते, पण मला आता लांबचं नीट दिसत नाही.

तुझा,
काका