थार डिझेलला स्नॉर्कल, कोन फिल्टर की कंपनीचाच डबा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०२२ ची थार डिझेल, मुक्काम सातारा. पावसाळ्यात कोयना आणि ताम्हिणीकडच्या चिखलवाटा, उन्हाळ्यात माण-खटावच्या पाणंदी, तेही पाच-सहा गाड्यांच्या रांगेत. बजेट पंचवीस हजार. गॅरेजवाला म्हणतो कंपनीचा डबा (एअर फिल्टर ज्यात बंद असतो तो) काढून उघडा कोन फिल्टर, म्हणजे शंकूसारखा डब्याविना फिल्टर, आणि मोठ्या पाइपचं किट लावा, दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढेल. मित्र म्हणतो स्नॉर्कल (इंजिनाची हवा छपराच्या उंचीवरून घेणारी नळी) लाव, आणि त्याच्या जुन्या थारवरचा स्नॉर्कल स्वस्तात मिळतोय.

आधी हॉर्सपॉवरचा विषय मिटवू. तुमचं २१८४ सीसीचं इंजिन टर्बो डिझेल आहे (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), कागदावर १३० हॉर्सपॉवर. टर्बोने किती दाब द्यायचा आणि किती डिझेल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. फिल्टर मोकळा झाला म्हणून तो खूश होऊन जास्त डिझेल सोडत नाही. मोठ्या ट्रकचा एअर फिल्टर साधारण सहा किलोपास्कल अडथळा दाखवायला लागला की बदलतात, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो. स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा त्या सहापेक्षाही बराच कमी, म्हणजे तो काढून टाकला तरी हाती काय लागणार? लडाखला ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग लाला हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो, तिथे टर्बो निम्मा खड्डा भरून काढायला धडपडत असतो. त्याच्यासमोर फिल्टरचा एखादा किलोपास्कल म्हणजे किस झाड की पत्ती. उघड्या कोनने आवाज मात्र नक्की वाढतो, टर्बोची शिट्टी छान ऐकू येते, आणि पुष्कळांना तीच ताकद वाटते.

उलट नुकसान होऊ शकतं. उघडा कोन बॉनेटखाली बसला की इंजिनाची तापलेली हवा ओढतो. कंपनीचा डबा बाहेरची हवा घेतो, त्यामुळे 'कोल्ड एअर' नावाच्या किटमधून गरम हवा जाण्याचा प्रकार घडतो. दुसरं, डिझेलमध्ये आत जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचं माप ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) सांभाळायला वापरलं जातं. नळीचा व्यास बदलला की सेन्सरसमोरून हवा वाहण्याची पद्धत बदलते आणि माप चुकतं. मग धूर, काजळी, आणि बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर, लवकर भरणं. तेल लावायच्या कॉटन फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते सेन्सरवर जाऊन बसतं, ते वेगळंच.

आता धुळीकडे येतो, कारण तुमच्या वापरात खरा शत्रू तीच आहे. पाण्याची भीती सगळ्यांना असते, पण पाण्यात तुम्ही वर्षातून मोजके तास असता आणि फुफाट्यात दिवसच्या दिवस.

हिशेब करून बघा. चार स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला निम्म्या सीसीइतकी हवा घेतं. ३,००० आरपीएमला ती मिनिटाला सव्वातीन हजार लिटर होते. टर्बो जोरात असेल तर बाहेरची पाच-सहा हजार लिटर हवा दर मिनिटाला त्या डब्यातून जाते. माणच्या पाणंदीत पुढच्या गाडीच्या मागे धुरळ्याची भिंत उभी असते, आणि ही हवा तिथलीच. समजा त्यातून शंभर ग्रॅम धूळ फिल्टरपर्यंत आली. ९९.५ टक्के अडवणारा फिल्टर अर्धा ग्रॅम आत सोडेल, ९८.५ टक्केवाला दीड ग्रॅम. जाहिरातीत एका टक्क्याचा फरक किरकोळ दिसतो, पण इंजिनात तिप्पट धूळ गेली. आणि डोळ्यांना दिसणारे खडे त्रास देत नाहीत. पाच ते वीस मायक्रॉनचे कण वाईट, कारण ते पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा लायनर यांच्यामधल्या तेलाच्या थरात मावतात आणि घासत राहतात. त्याआधी टर्बोचं कॉम्प्रेसर व्हील आहेच, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारं. बारीक वाळूने त्याच्या पात्यांच्या कडा झिजतात.

म्हणून कुठलाही फिल्टर घेताना 'फ्लो किती' हे विचारण्याआधी आयएसओ ५०११ (एअर फिल्टर तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे चाचणी केली आहे का आणि त्यात धूळ किती अडली, ते विचारा. विक्रेत्याकडे उत्तर नसेल तर पुढे बोलू नका. माझ्या मते तुमच्या गाडीला कंपनीचा कोरडा कागदी फिल्टरच योग्य आहे, फक्त तो वेळेत बदला. एका नावाजलेल्या कॉटन फिल्टरच्या पैशात असे कितीतरी येतात.

त्याबाबत एक सवय मात्र सोडा. ट्रेलवरून आलं की मिस्त्री फिल्टर काढून हवेचा पाइप मारतो, आपल्याला बरं वाटतं. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की फिल्टर उलट जास्त बारीक गाळायला लागतो. जवळून हवा मारली की कागदाला न दिसणारी भोकं पडतात, आणि दर वेळी काढ-घाल करताना कडेचं रबर सैल होतं. फार भरला असेल तर हलकेच आपटून मोठी माती पाडा, नाहीतर सरळ नवा घाला. कधी बदलायचा हे कळायला ट्रक-ट्रॅक्टरवर असतो तसा अडथळा दाखवणारा छोटा इंडिकेटर मिळतो. त्यात लाल पट्टी आली की बदला. स्वस्त आहे आणि अंदाजपंचे काम थांबतं.

गळती तपासायला फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. लाल-पिवळी भुकटी लागली तर फिल्टर कितीही भारी असो, धूळ कडेने जातेय. डब्याची एखादी क्लिप नीट न बसणं हे याचं नेहमीचं कारण. इंजिन ऑइलची लॅबमध्ये तपासणी करून घेता आली तर सिलिकॉनचा आकडा बघा, धूळ जात असेल तर तो चढतो. (स्नॉर्कलच्या सांध्यांना सिलिकॉन सीलंट लावलं असेल तर त्यानेही हा आकडा थोडा वाढतो, लगेच घाबरू नका.)

आता स्नॉर्कल. लोक तो पाण्यासाठी लावतात, पण रांगेत चालणाऱ्या गाडीला त्याचा जास्त फायदा धुळीत होतो. छपराच्या उंचीवर धूळ तुलनेने विरळ असते आणि हवा थंड. तुम्ही रांगेत मागे असता म्हणून तुमच्यासाठी याला अर्थ आहे. उन्हाळ्यासाठी वर गोल वाटीचं सायक्लोन हेड लावलं तर जड धूळ फिरून बाजूला पडते आणि फिल्टर जास्त टिकतो. पावसाळ्यात साधं पुढे तोंड असलेलं हेड लावा. त्यात पावसाचं पाणी बाहेर पडायला फटी असतात, त्या टेप लावून बुजवू नका.

पाण्याबाबत जरा कडक बोलतो. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. स्नॉर्कल लावल्याने ती छपरापर्यंत जात नाही. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर, दाराची रबरं, सगळं आहे तिथेच आहे. डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस तापलेले असताना थंड ओढ्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (आतली हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या सर्व्हिसला तेल दुधाळ निघतं. त्यामुळे स्नॉर्कलच्या आधी ब्रीदरच्या नळ्या बॉनेटपर्यंत वर घ्या. खर्च अगदी थोडा. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर स्नॉर्कल असो वा नसो, गाडी अलीकडेच ठेवा. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं आणि बॉडी तरंगायला लागली की टायरची पकड जाते. तिथे हवा कुठून घेतली याला काही महत्त्व उरत नाही.

स्नॉर्कल बसवलाच तर सगळा जीव सांध्यांत आहे. डब्याच्या तळाला पाणी निघायचं रबरी तोंड असतं, ते तसंच उघडं राहिलं तर वरून हवा आणि खालून ओढ्याचं पाणी. ते बंद करा किंवा पाणी फक्त बाहेरच सोडणारं घट्ट तोंड बसवा. गॅरेजमधून निघण्यापूर्वी इंजिन आयडलला ठेवून स्नॉर्कलचं तोंड जाड सपाट फळीने क्षणभर बंद करायला लावा. इंजिन गुदमरून बंद पडायला पाहिजे. आरामात चालत राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, आणि पाणीही तिथूनच येणार. फडकं वापरू नका, आत ओढलं जातं.

आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, फिल्टर बघा. ओला असेल तर ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी काढावं लागेल.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता मूळ रचनेत बदल ही अडचणीची गोष्ट आहे. फोर्स गुरखाला स्नॉर्कल कंपनीकडूनच येतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही. तुम्ही फेंडर कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारा, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर शोरूमकडून लेखी घ्या. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन आहे का तेही बघा, पाण्याने इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत बहुतेकदा हात वर करतात.

तुमच्या जागी मी यंदा नवा कागदी फिल्टर, इंडिकेटर, डब्याचं रबर आणि ब्रीदरच्या नळ्या एवढंच करेन. एक उन्हाळा रांगेत फिरून बघा. इंडिकेटर फार लवकर लाल होत असेल तर मग नव्या थारसाठीच बनवलेला स्नॉर्कल घ्या. कापायची जागा दाखवणारा टेम्प्लेट आणि डब्यापर्यंतची नळी सोबत असलेलाच. कोन फिल्टरचं किट नकोच.

मित्राच्या स्नॉर्कलबद्दल: तो २०२० पूर्वीच्या थारचा आहे. ती बॉडी वेगळी, फेंडर वेगळा, डब्याची जागाही वेगळी. फुकट मिळाला तरी तुमच्या गाडीला बसणार नाही.