बाप्तिस्मा झाला, आता पुढे?

बाप्तिस्म्याला चार महिने झाले तरी राग जात नाही, म्हणून तू खचलीस. खचू नकोस, बाळा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मात्र आठ वर्षांनी सापडला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय.

रोज पहाटे वाच, थोडंच वाच. बायबलच्या नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्रापासून सुरुवात कर. चारच अध्याय, तेही प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलेले. तिसऱ्यात तो स्वतःच कबूल करतो की आपण अजून पूर्ण झालेलो नाही, नेटाने पुढे धावतोय. ते वाचून मला केवढा धीर आला होता! प्रकटीकरणाची, म्हणजे बायबलच्या शेवटच्या अवघड पुस्तकाची, घाई मात्र नको. आधी दूध, मग जड अन्न.

प्रार्थनेत मागण्यांच्या आधी, ज्याच्याशी अबोला आहे त्याचं नाव घे. सख्ख्या जावेशी मी सहा वर्षं बोलत नव्हते, आणि उपासनेत पहिल्या बाकावर उभी राहून गीतं गात होते. शेवटी तिच्या दारात गेले, तेव्हा पाय थरथरत होते. क्षमा हा शब्द मला तिथे कळला, इतक्या वर्षांच्या शास्त्रपाठात नाही.

रविवार चुकवू नकोस. आणि प्रश्न पडले की चर्चच्या पाळकांना विचार, नाहीतर सरळ माझ्याकडे ये.