स्कॅन झाल्यावर मायक्रोफिल्मची जुनी रिळं रद्दीत काढावीत का?

जळगावातल्या तुमच्या वाचनालयाने जुन्या वर्तमानपत्रांची रिळं, म्हणजे पानांचे बारीक फोटो टिपलेली फिल्म, स्कॅन करून घेतली, आता मायक्रोफिल्मला भविष्य नाही म्हणून ती काढून टाकायची का, असं विचारलंय. अजिबात नाही. ‘स्कॅन झालं म्हणजे जतन झालं’ हे मी विश्वस्तांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय आणि ते साफ चूक आहे. पॉलिस्टर या प्लॅस्टिकवरची सिल्व्हर फिल्म (चांदीच्या कणांनी चित्र उमटलेली) नीट धुतलेली, नीट ठेवलेली असेल तर तिचं आयुष्य 500 वर्षं धरतात. वाचायला भिंग आणि उजेड पुरे. हार्ड डिस्क दर काही वर्षांनी बदलावी लागते, आणि ते लक्षात ठेवणारा कर्मचारी तोवर निवृत्त झालेला असतो.

आधी रीळ हातात घ्या. गुंडाळीची कड उजेडासमोर धरा. उजेड आरपार आला तर पॉलिस्टर, काळी दिसली तर बहुधा अ‍ॅसिटेट, म्हणजे जुन्या फिल्मचं प्लॅस्टिक. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय. उष्णतेने आणि दमटपणाने त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची कूज वाढवतं. फिल्म आक्रसते, कडा लहरतात, शेवटी चित्राचा थर सुटून येतो. असं रीळ त्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवा, वाफ शेजारच्या डब्यांनाही लागते. तांबूस ठिपके दिसले तर ते बहुतेकदा हलक्या पुठ्ठ्याच्या डब्यांमुळे आणि रबरबँडमुळे. रबरबँड आजच काढा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि रिळं पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात! तापमान 21 अंशांच्या आत, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत हवी. एसी फक्त कार्यालयीन वेळेत लावून उपयोग नाही, रोजच्या चढउताराने फिल्म ताणते-आखडते.

झालेलं स्कॅनिंगही तपासा. मूळ पान 14 पट लहान करून टिपलं असेल, तर पानाच्या मापात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) मिळायला फिल्म 4200 डीपीआयने स्कॅन व्हायला हवी. काचेवर कागद ठेवायच्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरला हे झेपत नाही. ठेकेदार फाइल हलकी व्हावी म्हणून निव्वळ काळं-पांढरं स्कॅन देतात, त्यात वर्तमानपत्रातले फोटो काळे ठिक्कर होतात आणि मोडी कागद असतील तर बारीक जोडरेघा उडतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचे कागद ज्या धुळ्यात सांभाळले गेले, तिथून दोन-अडीच तासांवर हे चालावं याचा राग येतो.

नव्याने फिल्म बनवून घ्या असं मात्र छोट्या वाचनालयाला सांगणार नाही, तो खर्च झेपणारा नाही. आणि 500 वर्षांचा हिशेब अ‍ॅसिटेटला लागू नाही. वास येणारी रिळं आधी ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांसकट, पुन्हा स्कॅन करा, बाकीची थांबू शकतात.