पोलिसांचे आकडे खोटे म्हणून सर्वेक्षणाचे खरे का?

तुमचा प्रश्न असा, की गुन्ह्यांचे आकडे गोळा करायच्या पद्धतींपैकी विश्वासार्ह कोणती आणि ती तपासायची कशी. त्याखाली तुम्ही लिहिलंय, 'पोलिसांचे आकडे खोटेच असतात, मग सर्वेक्षणच खरं धरावं ना?' (सर्वेक्षण म्हणजे घरोघरी जाऊन 'तुमच्या बाबतीत काय गुन्हा घडला' असं विचारणं.) या एका ओळीसाठी उत्तर लिहितोय, कारण हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत.

एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालातला आकडा सहसा खोटा नसतो. तो दाखल एफआयआरचा आकडा असतो आणि आपण तो गुन्ह्यांचा म्हणून वाचतो. घडलेली गोष्ट आणि एफआयआर यांच्या मध्ये किती चाळण्या असतात, ते एकदा बघा.

दादर स्टेशनच्या पुलावर एकाचा मोबाईल गेला. तो तक्रार द्यायला गेलाच नाही, तर विषय संपला. गेला आणि ठाणे अंमलदार म्हणाला, 'पडला असेल हो, गहाळ म्हणून नोंद करू, सिमकार्ड लगेच मिळेल', तर कागद हातात येतो, पण गुन्हा शून्य. फोन जुना, किंमत ५,००० रुपयांच्या आत, तर १ जुलै २०२४ पासून आणखी एक वाट आहे: बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) पहिल्या अनुसूचीत तेवढ्या किमतीची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे एनसी: नुसती नोंद, एफआयआर नाही. 'क्राइम इन इंडिया' फक्त दखलपात्र गुन्हे मोजतं, तेव्हा हा फोनही गेला. एफआयआर झालाच, तर भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३, हातातून हिसकावला तर ३०४, मारहाण किंवा धाक असेल तर ३०९ म्हणजे जबरी चोरी. यातलं ३०४ हे नवं कलम आहे. हिसकावण्याचा प्रकार आधी कुठे चोरीत, कुठे जबरी चोरीत जायचा. वर हद्दीचा घोळ आहेच. पूल रेल्वेच्या हद्दीत असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, आणि एनसीआरबीच्या जिल्हावार तक्त्यात त्यांची ओळ मुंबई शहरापेक्षा वेगळी असते. पायऱ्या उतरून दहा पावलांवर फोन गेला असता तर तो शहराच्या खात्यात पडला असता.

एकच घटना, आणि ती पडायला सहा-सात खाने. म्हणून चोरी-जबरी चोरीचे २०२३ आणि २०२४ चे आकडे शेजारी ठेवून कुणी 'वाढ' किंवा 'घट' सांगत असेल, तर आधी त्याला या खान्यांचा हिशेब विचारा.

त्यापुढे मुख्य गुन्ह्याचा नियम. एका एफआयआरमध्ये कलमं कितीही असली तरी एनसीआरबी सर्वांत गंभीर कलमाखाली एकच गुन्हा धरते. घरफोडी करताना खून झाला, तर मोजणीत खून एक आणि घरफोडी शून्य. बलात्कारासह खुनाला मात्र आता वेगळी ओळ दिली आहे. स्वीडनसारख्या देशात एकाच पीडितेवर वारंवार झालेले अत्याचार स्वतंत्र गुन्हे म्हणून, तेही तक्रारीच्या टप्प्यावरच मोजतात. त्यामुळे 'स्वीडनपेक्षा आपल्याकडे बलात्कार कमी' हे वाक्य कचऱ्यात टाकायच्या लायकीचं आहे.

आता तपासायचं कसं. दर दिसला की आधी छेद बघायचा. एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यात पुण्याची लोकसंख्या ५०.५ लाख लिहिलेली असते. ती २०११ च्या जनगणनेतली, पिंपरी-चिंचवडसकट. २०२२ च्या अहवालातही तीच. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं झालं, तेव्हा वरच्या अंशात कोणत्या आयुक्तालयाचे गुन्हे आहेत हे कळल्याशिवाय 'दर लाखामागे' या शब्दांना अर्थ नाही. नंतर एकक: प्रकरणं मोजलीत की पीडित? अपहरणात दोन्ही आकडे दिलेले असतात आणि ते जुळत नाहीत. दोषसिद्धीचं प्रमाण वाचताना त्या वर्षी निकाल लागलेले खटले हा छेद असतो. त्या वर्षी दाखल झालेल्या गुन्ह्यांशी त्याचा संबंध नाही. पोलीस तपास बंद करताना जो 'समरी' अहवाल देतात, त्यात 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला, 'ब' म्हणजे खोटा, 'क' म्हणजे गैरसमजातून. या तिन्हींची एकत्र बेरीज करून 'इतके गुन्हे खोटे निघाले' म्हणणारेही असतात.

मग गुणोत्तरं. खून लपवणं अवघड, प्रेत दिसतं. वाहनचोरीही बऱ्यापैकी नोंदली जाते, विम्याला एफआयआर लागतो. म्हणून खून आणि वाहनचोरी स्थिर असताना विनयभंग किंवा किरकोळ चोरी दुप्पट झाली, तर बहुधा नोंदणी बदलली आहे. दिल्लीत भादंविचे (जुन्या भारतीय दंड विधानाखालचे) गुन्हे २०१३ मध्ये साधारण ८० हजार होते, २०१५ मध्ये १ लाख ९० हजारांच्या वर गेले. दोन वर्षांत शहर दुपटीहून बिघडलं नव्हतं. तक्रार आली की गुन्हा घ्या, असं धोरण झालं आणि वाहनचोरीला ई-एफआयआर, म्हणजे ऑनलाइन एफआयआर, आला.

सर्वांत पक्की पद्धत म्हणजे उलटा माग. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ साली पोलीस निरीक्षणालयाने ४३ दलांत हेच केलं. आलेल्या तक्रारींपासून सुरुवात करून त्यांचा गुन्हा नोंदला गेला का ते पाहिलं. १९ टक्के गुन्हे नोंदलेच नव्हते, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक. हिंसक गुन्ह्यांत ३३ टक्के, लैंगिक गुन्ह्यांत २६ टक्के. त्याच वर्षी पोलिसांच्या आकड्यांना असलेला 'राष्ट्रीय सांख्यिकी' दर्जाही काढून घेतला गेला. आपल्याकडे हे करायचं तर एका ठाण्याचा एक महिना घ्या. ११२ चे कॉल, एनसी रजिस्टर, अर्ज रजिस्टर, गहाळ नोंदी आणि सरकारी दवाखान्याचं एमएलसी (पोलीस प्रकरण होऊ शकणाऱ्या जखमींचं) रजिस्टर यातून चिठ्ठ्या टाकून शंभर नोंदी उचला. दोन जणांनी एकमेकांना न विचारता प्रत्येकीला कलम लावायचं, मग ते एफआयआरशी ताडायचं. दोघांचीच कलमं जुळत नसतील तर आधी तुमचे नियम दुरुस्त करा, पोलिसांना बोल नंतर लावा.

सर्वेक्षणाबद्दल थोडक्यात. खून त्यात येत नाही, मेलेला माणूस उत्तर देत नाही. लोक दीड वर्षापूर्वीची घटना 'गेल्या वर्षातली' म्हणून सांगतात. अमेरिकेत म्हणूनच त्याच घरात दर सहा महिन्यांनी जातात. नमुना लहान असला तर सगळं मुसळ केरात: १०० घरांत एक घरफोडी होत असेल तर २,००० घरांत वीस सापडतील, आणि त्या विसाचा खरा आवाका बारा ते तीस असा असतो. त्यावर 'घरफोडी २५ टक्क्यांनी वाढली' म्हणता येत नाही. फूटपाथ, वसतिगृह, लेबर कॅम्प यादीतच नसतात. पण घरातल्या हिंसेसाठी सर्वेक्षणाला तोड नाही. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) मध्ये एका घरातून एकाच बाईला, एकटीला गाठून विचारलं होतं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या १४ टक्के निघाल्या, आणि त्यातल्याही बहुतेकींनी ती माहेरच्यांकडे मागितलेली. पोलिसांकडे येतात त्या किती, याचा अंदाज करा.

आता ज्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे, ते म्हणजे 'आकडा वाढला म्हणजे पोलीस नालायक' म्हणणारे. वर्तमानपत्रं 'देशात सर्वांत असुरक्षित शहर' अशी क्रमवारी लावतात, विधानसभेत त्यावर गदारोळ होतो आणि पुढच्या क्राइम मीटिंगमध्ये निरीक्षकाला विचारलं जातं, गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा भाग एक ते पाचचे (म्हणजे दंडसंहितेचे) गुन्हे जास्त का? तो बिचारा काय करणार? पुढच्या महिन्यात गहाळ नोंदी वाढतात. आकडे बिघडवणारी सर्वांत मोठी यंत्रणा हा प्रश्न आहे, पोलीस ठाणी जोडणारं सीसीटीएनएस वगैरे सॉफ्टवेअर त्यापुढे किस झाड की पत्ती. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर सक्तीचा केला, पण तो प्रश्न विचारायला कुणी बंदी घातली नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एनएफएचएस हे आरोग्याचं सर्वेक्षण आहे, त्यातली 'हिंसा' कलमांच्या व्याख्येत बसवलेली नाही. पोलिसांच्या आकड्याला त्या आकड्याने भागून 'नोंदणीचं प्रमाण' काढू नका. आणि वाहनचोरी भरवशाची म्हटलं ते विम्याच्या जिवावर. पंधरा वर्षं जुन्या स्कूटरला थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळतच नाहीत, तिचा मालक ठाण्यात जाईलच असं नाही.