‘फ्रेश दिस’ म्हणजे काय करू?

“पापण्यांची सर्जरी करून घेऊ का?” असं माझ्याकडे सल्ल्याला येणारी विशी-पंचविशीतली मुलं विचारतात. आईबाप विचारतात, “हे खूळ डोक्यातून कसं काढायचं?” दोघांनाही माझ्याकडून लगेच निकाल हवा असतो.

गोव्यातल्या डिचोलीचा २३ वर्षांचा एक मुलगा, कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनवर. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पाहुणे विचारायचे, “झोप झाली नाही का?” मॅनेजर म्हणायचा, “जरा फ्रेश दिस रे.” त्याने दोन्ही वरच्या पापण्यांची ब्लेफारोप्लास्टी, म्हणजे जादा कातडी कापायची सर्जरी, करायचं ठरवून कर्जाची चौकशीही केली होती. आई म्हणाली, “मॅडम, डोळे बापावर गेलेत. बापाचं काय अडलं?” मला हसू आलं, मुलाला नाही.

आरशापुढे किती वेळ जातो, लोकांत जाणं टाळतोस का, सर्जरीनंतर काय बदलेल, हे मी आधी विचारते. तासन्‌तास आरसा, चारचौघांत जाणं बंद आणि एक खोट सरली की दुसरी, असं असेल तर बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची शंका येते, म्हणजे दिसण्यातली नसलेली किंवा बारीकशी खोट मनात घर करून बसण्याचा आजार. त्यात शस्त्रक्रियेने समाधान क्वचितच मिळतं. उपचार मनावर करावे लागतात. याचं तसं नव्हतं. “लोक विचारायचे थांबतील, बस्स.” मला ही अपेक्षा रास्त वाटली.

मग लहानपणचे फोटो मागवले. चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली काढलेला एक होता: पाच-सहा वर्षांचं पोर, हनुवटी वर, उजवी भुवई ताणलेली. पुढच्या फोटोंतही तेच. पापणी बाहुलीवर उतरत असेल तर मूल नकळत अशी मान करून बघतं. म्हटलं, कॉस्मेटिक क्लिनिकच्या आधी पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला दाखव.

उजव्या पापणीला जन्मापासूनचा टोसिस निघाला, म्हणजे पापणी उचलणारा स्नायूच कमजोर. तिथे नुसती कातडी कापून भागत नाही, स्नायूवर काम करावं लागतं. डावी पापणी मात्र खरोखरच बापाची. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं: संध्याकाळी पापणी जास्त उतरते का, एकाचे दोन दिसतात का? तसं असेल तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची, तपासणी आधी. आणि पापणी अचानक उतरली, तर माझ्याकडे येऊच नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

त्याने फक्त उजवी करायची ठरवली, पर्यटकांचा सीझन सुरू व्हायच्या आधी, कारण सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला दोनेक आठवडे जातात. आकार बसायला काही महिने. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे होतीलच असं नाही, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, झोपेत डोळा काही काळ अर्धवट उघडा राहील आणि थेंब घालावे लागतील, हे डॉक्टरांनी आईसमोरच सांगितलं. आईचा विरोध तिथेच मावळला. थेंब किती वेळा, तेवढं तिने विचारून घेतलं.

डावीला हात लावू नये, असं सर्जनचंही मत पडलं. एक पापणी उचलली की दुसरी कधी कधी थोडी उतरते, तेव्हा आधी उजवी स्थिरावू दे. मुलगा म्हणाला, “सीझन जाऊं दे, मग बघतो.” त्यालाही माझी हरकत नाही.