संख्याशास्त्रवाल्यांचं कंपोझिटमध्ये काय काम?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात एमएस्सी करतेय. फायबर कंपोझिटच्या (तंतू घालून मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या) स्कॅनमधून रचनेतले दोष शोधण्याचा प्रकल्प मिळतोय. मेकॅनिक्स मला येत नाही. हे काम इंजिनिअरांचंच ना?

उत्तर : प्रकल्प घे. यातला सगळ्यात अवघड भाग तुझ्याच विषयातला आहे.

कार्बनचा तंतू जेमतेम ५ ते ७ मायक्रॉन जाड, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तुकडा मायक्रो-सीटीत, म्हणजे क्ष-किरणांनी आतली बारीक रचना दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये ठेवला की असे हजारो तंतू दिसतात. साच्यात वितळलेलं प्लास्टिक जसं वाहतं तसे आखूड तंतू वळतात, त्यामुळे चांगल्या तुकड्यातही थोडी विस्कट असतेच. त्यातली नेहमीची कोणती आणि बिघाडाची कोणती, हे नुसत्या नजरेने ठरत नाही.

समज, स्कॅनचे १०,००० भाग पाडून प्रत्येकाची ५ टक्के पातळीवर, म्हणजे निर्दोष भागही शंभरात पाच वेळा दोषी ठरेल अशा बेताने, चाचणी घेतलीस. तुकडा पूर्ण निर्दोष असला तरी सुमारे ५०० भाग दोषी ठरतील! पातळीला थेट १०,००० ने भागलं तर खोटे इशारे जवळपास थांबतात, पण बारीकसे खरे दोषही निसटतात. दोष बहुधा शेजारशेजारच्या भागांत सलग पसरलेला असतो. त्याचा फायदा घेणारी चाचणी रचणं, हे तुझं काम.

आणखी एक गंमत बघ, मला ती फार आवडते. तंतूला डोकं-शेपूट नसतं. १ अंशाचा आणि १७९ अंशांचा तंतू जवळजवळ समांतरच, पण साधी सरासरी येते ९०, म्हणजे थेट काटकोनात. म्हणून प्रतलातले कोन आधी दुप्पट करायचे, त्यांची सरासरी दिशा काढायची आणि मग ती निम्मी करायची. हे न कळता चालवलेला प्रोग्राम धडधडीत चुकीचं उत्तर देतो.

पुढे काम विमानांचे भाग, पवनचक्कीची पाती अशा ठिकाणी मिळतं. बोइंग ७८७ च्या वजनात साधारण निम्मा वाटा कंपोझिटचा आहे. नाहीच जमलं, तर हीच पद्धत वैद्यकीय प्रतिमांनाही लागू पडते.

मेकॅनिक्स लागेल तेवढं शीक, पण पहिला महिना प्रयोगशाळेत काढ. तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघ.

होकार देण्याआधी मार्गदर्शकांना एवढं विचार : दोष नेमका कुठे आहे हे आधीच माहीत असलेले नमुने मिळतील का? नसतील, तर संगणकावर तंतुरचना तयार करून तिच्यात स्वतः दोष पेरावे लागतील. त्याला लागणारे दोन-तीन महिने वेळापत्रकात आत्ताच धर.